प्रथम वर्षातील संशोधन शिष्यवृत्ती : नांदेड-लातूरच्या संदर्भात

बारावी होऊन नुकत्याच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली, ठरलेल्या मुदतीत, उत्तर आधी ठाऊक नसलेल्या प्रश्नावर काम करता यावे म्हणून दिलेली रक्कम म्हणजे प्रथम वर्षातील संशोधन शिष्यवृत्ती. शुल्कसवलत घरच्या परिस्थितीकडे पाहून मिळते, गुणवत्ता शिष्यवृत्ती मागच्या परीक्षेतल्या गुणांसाठी मिळते. संशोधन शिष्यवृत्ती पुढच्या वेळेसाठी असते. मुखेडहून नांदेडला किंवा जळकोटहून लातूरला आलेला विद्यार्थी खोलीचे भाडे आणि मेसचे बिल भागवण्यासाठी सुट्टीत दुकानात, पेट्रोल पंपावर किंवा शेतात राबतो. तोच वेळ त्याने प्रयोगशाळेत, ग्रंथालयात किंवा गावोगावच्या नोंदी घेण्यात घालवावा, यासाठी त्या वेळेची भरपाई करणे हा या रकमेचा मूळ हेतू. ज्याच्या घरून दरमहा पैसे येतात त्याला ती मिळाली नाही तरी तो काम करू शकतो. ज्याच्या घरी पैसे पाठवावे लागतात त्याला ती नसेल तर काम करताच येत नाही.

महाराष्ट्रात संशोधनासाठीचा पैसा बहुतेक वरच्या टोकाला आहे. नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्याही मुख्यतः पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आहेत. तिथवर पोहोचण्याआधी पदवीची तीन आणि पदव्युत्तर दोन अशी पाच वर्षे जातात. त्या पाच वर्षांत प्रश्न विचारायची सवय लागली नसेल, तर पुढची अधिछात्रवृत्ती ही नोकरी मिळेपर्यंतची सोय होऊन बसते. विषयाच्या निवडीपासून प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणापर्यंत गाईडच्या तोंडाकडे पाहणारा संशोधक विद्यार्थी मराठवाड्यात दुर्मीळ नाही, आणि त्याचे मूळ बरेचसे या पाच वर्षांत आहे.

पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधनात घेण्याची पद्धत रूढ झाली ती अमेरिकेत. १९६९ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मार्गारेट मॅकव्हिकर यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन-संधी कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थ्याने प्राध्यापकाच्या चालू कामात सहकारी म्हणून शिरायचे आणि त्याबद्दल श्रेयांक किंवा मानधन घ्यायचे, अशी ती रचना होती. नांदेड-लातूरच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण मात्र मिशिगन विद्यापीठाचे आहे. तिथे १९८९ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमाचा रोख पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या, आणि त्यातही मध्येच शिक्षण सुटण्याचा धोका असलेल्या विद्यार्थ्यांवर होता. हुशार मुलांना अधिक हुशार करणे हा त्याचा उद्देश नव्हता. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मूल्यमापनात असे दिसले की विद्यापीठात टिकून राहण्याच्या बाबतीत सर्वाधिक लाभ आफ्रिकन-अमेरिकन आणि कमी गुणांच्या विद्यार्थ्यांना झाला. प्राध्यापकाने नावानिशी ओळखणे आणि 'हे काम तुझे' म्हणून सोपवणे याचा परिणाम गुणपत्रिकेपलीकडे होतो, असा त्याचा अर्थ लावता येतो.

भारतात अशी योजना रुजवण्यात पैशापेक्षा मोठी अडचण विद्यापीठाच्या रचनेची आहे. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास विद्यापीठे स्थापन झाली ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर : शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. पुढे विद्यापीठांत पदव्युत्तर विभाग आले आणि संशोधन तिथे गोळा झाले. पदवीचे वर्ग संलग्न महाविद्यालयांतच राहिले. मराठवाड्याचा इतिहास थोडा वेगळा, पण शेवट तोच. हा भाग निजामाच्या हैदराबाद राज्यात असल्याने इथले उच्च शिक्षण १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाशी बांधलेले होते. नांदेडला १९५० मध्ये पीपल्स कॉलेज निघाले. त्यामागे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी होते. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये आले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, त्यातून नांदेडचे विद्यापीठ वेगळे झाले आणि त्याला स्वामीजींचे नाव मिळाले. नांदेड, लातूर, परभणी आणि पुढे परभणीतून निघालेला हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.

विष्णुपुरीच्या विद्यापीठ परिसरात संकुले आहेत, लातूरला उपपरिसर आहे. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चा प्रथम वर्षाचा विद्यार्थी मात्र बहुतांशी किनवट, उदगीर, अहमदपूर, देगलूर, निलंगा अशा तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात असतो. संशोधन करणारा प्राध्यापक आणि हा विद्यार्थी यांची गाठ पडायची तर ती एम.ए., एम.एस्सी.ला, तीही तो तिथवर गेला तर. प्रथम वर्षाची शिष्यवृत्ती आखणाऱ्याला आधी हे अंतर मोडावे लागते. विद्यार्थी एका संस्थेत आणि मार्गदर्शक दुसऱ्या संस्थेत असला तर परवानगी कोणाची, हजेरी कोणाकडे, उपकरण बिघडले तर जबाबदारी कोणाची, हे कागदावर ठरलेले नसेल तर योजना पहिल्याच महिन्यात अडते.

राष्ट्रीय पातळीवर या कल्पनेच्या जवळ गेलेल्या योजना विज्ञानापुरत्या आहेत. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना १९९९ मध्ये सुरू झाली. बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था ती चालवत असे, आणि प्रथम वर्ष विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी तिच्यात स्वतंत्र गट होता. निवड झालेल्याला पदवीच्या काळात महिना ५,००० रुपये आणि वर्षाला २०,००० रुपये आकस्मिक खर्चासाठी मिळत. २०२२ मध्ये ती 'इन्स्पायर'मध्ये विलीन झाली. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये पदवीच्या विज्ञान विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम काढला. त्यात सुरुवातीच्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांना आधी शिबिरात बोलावून मग निवडक मुलांना मार्गदर्शकाबरोबर दीर्घकाळचे प्रकल्प दिले जातात. शिबिर आधी आणि प्रकल्प नंतर, हा क्रम बारीकसारीक वाटला तरी महत्त्वाचा आहे. कोणत्या प्रश्नावर काम करायचे हे सतरा-अठराव्या वर्षी अर्जात लिहून मागणे म्हणजे बहुधा गुगलवरून उतरवलेला मजकूर मागणे.

'इन्स्पायर' कार्यक्रम केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये सुरू केला. त्यातली उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे : ६०,००० विद्यार्थ्याला आणि २०,००० उन्हाळ्यात मार्गदर्शकाबरोबर करायच्या प्रकल्पासाठी. बारावीच्या परीक्षेत आपल्या मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाच्या पदवीला प्रवेश घेणारे तिला प्रामुख्याने पात्र ठरतात. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीला गेलेला ठरत नाही. कागदावर ही रचना उत्तम आहे, कारण तिच्यात मार्गदर्शकाचा खर्चही धरला आहे. लातूरमध्ये ती वाचली की वेगळे चित्र दिसते. १९८० च्या दशकात राजर्षी शाहू महाविद्यालयातून आकाराला आलेला आणि नंतर सगळ्या शहराने उचललेला 'लातूर पॅटर्न' ज्यांच्या जोरावर गाजला ती वरच्या एक टक्क्यातली मुले नीट आणि जेईईच्या वाटेने वैद्यकीय व अभियांत्रिकीला निघून जातात. बी.एस्सी.च्या वर्गात जे बसतात त्यांतले अनेक जण एक-दोन वेळा नीट देऊन, गुण न जमल्याने आलेले असतात. एक टक्क्याच्या रेषेने त्यांना आधीच बाहेर ठेवलेले आहे.

लातूर पॅटर्नची टिंगल करणे सोपे आहे आणि ते योग्य नाही. दुष्काळी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांची मुले त्याने डॉक्टर केली. वेळापत्रक, सराव परीक्षा आणि चुकांची उजळणी यांची शिस्त त्याने लावली. पण चार पर्यायांतून एक निवडण्याच्या सरावात पाचवे उत्तर शोधायला जागा नसते, आणि चारही पर्याय चूक असण्याची शक्यता तर शिकवलीच जात नाही. संशोधनात पहिल्याच आठवड्यात तसे घडते. मोजलेले आकडे जुळत नाहीत, विहिरीच्या पाण्याची नोंद सकाळी एक आणि संध्याकाळी वेगळी येते, आणि मुलगा सरांना विचारतो, 'बरोबर कोणते?' सरांनाही ते माहीत नसते. हा प्रसंग पहिल्या वर्षीच यावा, म्हणजे त्याची भीती लवकर जाते.

राज्याच्या पातळीवर २००६ पासून 'आविष्कार' हे आंतरविद्यापीठ संशोधन संमेलन भरते. मानव्यविद्या, भाषा व ललित कला, वाणिज्य व विधी, विज्ञान, शेती, अभियांत्रिकी, वैद्यक अशा शाखांत पदवीपासून पुढच्या सर्व पातळ्यांवरचे विद्यार्थी भित्तिपत्रक आणि सादरीकरण करतात. नांदेड विद्यापीठातली महाविद्यालये त्याची तयारी हौसेने करतात. तरी आविष्कार ही स्पर्धा आहे. काम आधी झालेले असावे लागते आणि त्या कामाचा खर्च कोणी केला हे विचारले जात नाही. पोस्टर छापण्यापूर्वीच्या सहा महिन्यांचा खर्च उचलणे हेच संशोधन शिष्यवृत्तीचे क्षेत्र.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर चित्र बदलते आहे. राज्यात नवी रचना आधी स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आली. तिच्यात क्षेत्र प्रकल्प, कार्यप्रशिक्षण आणि चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' ही वाट आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असतील तर ती खुली होते. म्हणजे संशोधनाचे दार चौथ्या वर्षी उघडते, पण त्याची तयारी पहिल्या वर्षी व्हायला हवी. प्रकल्प सक्तीचा झाला की काय होते याचाही अनुभव आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पदवीला पर्यावरण हा विषय अनिवार्य झाला आणि त्याबरोबर प्रकल्पवही आली. कॉलेजरोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळू लागले, आणि ओढ्याच्या प्रदूषणावरची एकच वही वर्षानुवर्षे वेगवेगळ्या अक्षरांत उतरत राहिली. शिष्यवृत्तीचे संशोधन थोड्यांचे आणि ऐच्छिक असावे, हे त्या वह्यांवरून समजते.

पहिल्या वर्षाचा विद्यार्थी काय संशोधन करणार, ही शंका नेहमी काढली जाते. प्रगत उपकरण किंवा अवघड सिद्धान्त लागणारे प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेर आहेत, हे खरे. पण नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत असे कितीतरी प्रश्न पडून आहेत ज्यांना डोळे, पाय, वही आणि चिकाटी पुरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसे गेली आणि सुमारे ५० गावे नव्या जागी वसवली गेली. त्या घरांत तीस वर्षांत लोकांनी काय बदलले, कोणी पुन्हा दगडमातीची भिंत उभारली, कोणी व्हरांडा बंद करून खोली केली, हे घरोघर जाऊन मोजणे प्रथम वर्षाच्या भूगोलाच्या किंवा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला जमते. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि तो नांदेडातही जाणवला. कोणत्या गावात भांडी वाजली, कुठे लोक घराबाहेर आले, याच्या नोंदी लगेच घेतल्या तरच उपयोगाच्या असतात, आणि तेव्हा गावोगाव पोहोचू शकेल असा माणूस म्हणजे रोज एसटीने ये-जा करणारा विद्यार्थीच.

पाण्याचे तसेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे देशभर गाजले. त्यानंतर शहरात किती बोअर घेतले गेले आणि ते किती फुटांवर गेले, याची गल्लीनिहाय वही एका वर्षात तयार होऊ शकते. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे. रसायनशास्त्राचा नवखा विद्यार्थी मार्गदर्शकाच्या नजरेखाली नमुने घेऊ शकतो, आणि बाटली कशी धुवावी, नमुन्यावर काय लिहावे, हे शिकण्यातच त्याचे निम्मे प्रशिक्षण होते. देवणी आणि लाल कंधारी हे गोवंश या दोन जिल्ह्यांचे. आठवडी बाजारात त्यांची आवक आणि किंमत वर्षभर टिपणे हा वाणिज्याच्या विद्यार्थ्याचा विषय आहे. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावात काही फरक पडला का, हे विचारायला पीएच.डी. लागत नाही.

भाषा आणि इतिहासाच्या बाजूने तर घाई आहे. सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई आणि त्याआधीचा रझाकारांचा काळ कळत्या वयात पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी नातवंडांच्या वयाच्या मुलांनी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या तर त्या राहतील, नाहीतर जातील. देगलूर-बिलोलीकडची तेलुगूमिश्रित मराठी, उदगीरच्या बोलण्यातली कन्नडची छटा, नांदेडच्या जुन्या वस्तीतली दखनी, किनवट-माहूरकडची गोंडी आणि कोलामी यांचे शब्द गोळा करणे हे त्या-त्या घरातून आलेल्या मुलीला परक्या संशोधकापेक्षा सोपे जाते. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी सरकारी नोकरी सांभाळून गोंडी आणि कोलामी शिकले व त्यांनी फारसी कागदपत्रांतून इतिहास लिहिला. या मातीत संशोधनाची परंपरा विद्यापीठापेक्षा जुनी आहे.

विषय कोणताही असो, शिष्यवृत्तीचे यश मार्गदर्शकावर ठरते. विद्यापीठाची मान्यता असलेला 'गाईड' आणि प्रथम वर्षाच्या मुलाचा मार्गदर्शक या निराळ्या भूमिका आहेत. गाईड प्रबंध तपासतो. मार्गदर्शकाने आठवड्यातून एकदा अर्धा तास वही पाहायची, 'हे कशावरून?' असे विचारायचे आणि उत्तर सांगण्याचा मोह आवरायचा. नांदेडला याचे ठळक उदाहरण आहे. पीपल्स कॉलेजमध्ये शिकवणारे आणि पुढे तिथले प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर यांच्याकडे पीएच.डी. नव्हती, ऐन उमेदीत ते इंटरला नापासही झाले होते. तरी मराठवाड्यातल्या एका पिढीला वाद कसा घालावा आणि पुरावा कसा तपासावा हे त्यांच्या वर्गात आणि वर्गाबाहेरच्या गप्पांत कळले. गुणांची रेषा आखून विद्यार्थी निवडणाऱ्या योजनेने विद्यार्थिदशेतल्या कुरुंदकरांना घेतले नसते, आणि पदवी पाहून मार्गदर्शक निवडणाऱ्या योजनेने प्राध्यापक कुरुंदकरांनाही नाही.

आजच्या मार्गदर्शकाची स्थिती वेगळी आहे. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असते. त्यावर परीक्षा, प्रवेश, नॅक आणि ऑनलाइन माहिती भरणे. अनेक महाविद्यालयांत पदे रिकामी आहेत आणि वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. त्यांना घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात. उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून मानधन नाही. संशोधनात ताजा, पीएच.डी. नुकतीच झालेला आणि विद्यार्थ्यांच्या वयाला जवळ असा शिक्षक बहुधा याच गटातला असतो. शिष्यवृत्तीच्या रकमेत मार्गदर्शकाचा वाटा ठेवायचा तर तो कायम प्राध्यापकाइतकाच त्यालाही मिळेल अशी तरतूद लागते. नाहीतर योजना त्याच्या चांगुलपणावर चालते, आणि तो दुसरीकडे तास मिळताच बंद पडते.

वेळापत्रकही इथल्या ऋतूंना धरून लागते. परदेशी योजना आणि त्यांच्यावरून आखलेल्या देशी योजना उन्हाळ्याचे सहा-आठ आठवडे धरतात. विद्यापीठाच्या परीक्षा लांबल्या की मे महिना त्यातच जातो, आणि ७ जूनला मृग लागला की शेतकऱ्याच्या मुलाचे डोळे पेरणीकडे लागतात. सोयाबीन पेरायच्या दिवसांत त्याला प्रयोगशाळेत बसवून ठेवणे व्यवहाराला धरून नाही. त्यापेक्षा दिवाळीनंतरपासून मार्चपर्यंत आठवड्याला सहा-सात तास, असे पसरलेले काम नांदेड-लातूरला अधिक सोयीचे. त्यात रब्बी, आठवडी बाजार आणि विहिरींची उतरती पातळी सगळेच टिपता येते. मुलींच्या बाबतीत शेवटची एसटी किती वाजता सुटते हा प्रश्न विषयनिवडीइतकाच निर्णायक ठरतो. दुसऱ्या गावी मुक्काम लागणाऱ्या कामासाठी सोबतीचा खर्च आधीच धरावा लागतो.

पैसा हप्त्याने द्यावा, पण पहिला हप्ता काम सुरू होण्याआधी. 'खर्च करा, पावत्या जोडा, मग मिळतील' ही कार्यालयीन रीत ज्याच्या खिशात मुळातच काही नाही त्याला बाहेर ठेवते. दुसरा हप्ता अहवालाशी जोडण्यापेक्षा कामाच्या वहीशी जोडणे बरे. अहवाल विकत मिळतो, तारखांसह भरलेली, खाडाखोड असलेली वही मिळत नाही. अहवालाची भाषा विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्याच वर्षी इंग्रजीत लिहायला लावले की तो वाक्ये उचलतो, आणि उचलेगिरीची सवय तिथेच लागते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मराठीत लिहून शेवटी एक पान इंग्रजी सारांश दिला, तर दोन्ही गरजा भागतात.

निवडीसाठी बारावीच्या गुणांपेक्षा एक छोटे काम अधिक सांगून जाते. पंधरा दिवस रोज एकाच गोष्टीची नोंद ठेवायला सांगावे : घरासमोरच्या नळाला पाणी कधी आले, मोंढ्यात सोयाबीन काय भावाने गेले. पंधराव्या दिवशी ज्याच्या वहीत 'आज नोंद घेता आली नाही, कारण...' असे एखादे प्रामाणिक वाक्य सापडते, त्याची निवड करायला हरकत नाही. सगळे रकाने एकाच शाईत आणि एकाच बैठकीत भरलेले असतील तर तेही दिसतेच.

काम संपल्यावर नोंदी कोणाच्या, हाही प्रश्न सुरुवातीलाच लेखी मिटवायचा असतो. मार्गदर्शकाच्या शोधनिबंधात विद्यार्थ्याने जमवलेले आकडे आले तर त्याचे नाव लेखकांत यावे की ऋणनिर्देशात, हे कामाच्या वाट्यावर ठरते आणि ते आधी बोललेले बरे. ज्या वृद्धांच्या मुलाखती घेतल्या, ज्या घरांची मोजमापे घेतली, त्यांची संमती वहीतच नोंदलेली असावी. मूळ वही आणि ध्वनिमुद्रणे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, गाव आणि वर्ष लिहून, दाखल होतात. पुढच्या वर्षी त्याच गावातून आलेला प्रथम वर्षाचा विद्यार्थी तीच वही मागून घेतो आणि त्याच विहिरीची पातळी पुन्हा मोजायला लागतो.